बाणाचा ण, नळाचा न

चैत्र लागला की आमच्या इमारतीच्या तळमजल्याच्या भिंतींना खार फुटतो. रंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतून पांढरी बारीक भुकटी बाहेर येते. सोसायटीतले लोक जमून रंगवाल्याच्या नावानं बोंब मारतात. दर दोन वर्षांनी नवा रंगवाला, दर दोन वर्षांनी तोच खार. मी काठी टेकत खाली जातो, बोटावर थोडी भुकटी घेतो आणि कुणी बघत नाही असं पाहून जिभेला लावतो. मीठ. आमचंच मीठ. इथून खाडीपर्यंत सगळं आगर होतं. आता लोकांच्या गाड्या उभ्या असतात त्या जागेवर, ह्याच दिवसांत, माझ्या बापाच्या वाफ्यांत मीठ पडायचं. आगर गेलं हे मिठाला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर परीक्षेचं घोकत असतं. इंग्रजीत घोकतं, मला कळत नाही, पण सूर तोच. आमच्याकडे मिठाचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम एकाच वेळी यायचे, म्हणून माझ्या डोक्यात ते दोन्ही कालवून बसलेत. परीक्षा म्हटली की मला डोळे दिपवणारा पांढरा उजेड आठवतो, आणि मीठ म्हटलं की शाईचा वास येतो. हे उलट आहे हे मला समजतं. पण आहे ते असं आहे, त्याला मी काय करू?

आता हे लिहायला बसलो त्याचं कारण निराळं. वसईत आमची एक जुनी शाळा आहे. कागदोपत्री तिचं नाव काय असेल ते असो, आम्ही तिला कौलांची शाळा म्हणायचो. आमच्या पाड्यावरची घरं पेंढ्यानं शाकारलेली, आणि ही एकच अशी की जिच्यावर तांबडी मंगलोरी कौलं. गेल्या महिन्यात तिच्या फाटकाला फळी लागली : इमारत धोकादायक आहे, आत जाऊ नये. ती पाडणार आहेत, आणि पाडण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आठवणी लिहून द्याव्यात असं ठरलं. एक तरुण मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. नाव लिहिलं, वय लिहिलं, मग विचारलं, "आजोबा, कितवीपर्यंत होता?"

"दुसरी."

त्याचं पेन थांबलं. "पूर्ण?"

"अर्धी," मी म्हटलं. "पण अर्ध्या दुसरीच्या माणसानं लिहू नये असं तुमच्या फळीवर लिहिलेलं नाही. मी वाचून आलोय."

तर हे त्या मुलासाठी. वर्तमानपत्र मी रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, छोट्या जाहिरातींसकट. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. नात शर्वरी हे सगळं संगणकावर उतरवते आणि माझे ण आणि न जागच्या जागी बसवते. म्हणजे वाचताना तुम्हाला जे सरळ दिसतंय ते तिचं. वाकडं काही राहिलं तर ते माझं.

शाळेला पुढे कमानी होत्या. सात की पाच, ह्यावरून जुन्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत माझं भांडण झालं. मी सात म्हणालो. पाचच निघाल्या, फोटोत मोजून दाखवल्या. मग मी म्हणालो अंगणात चिंच होती. बाकीचे म्हणाले आंबा. निर्मळचे एक निवृत्त मास्तर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला समजावतात, "काका, आंबाच तो, आम्ही कैऱ्या पाडल्यात." पाडल्या असतील. पण मग माझ्या तोंडात ही चिंचेची चव कुठून आली? मी हट्ट सोडला नाही. घरी आलो आणि पलंगावर बसून विचार करत राहिलो, की कमानी पाच आणि झाड आंब्याचं, तर मग मला आठवते ती शाळा कुठली?

एका गोष्टीवर मात्र कुणी वाद घातला नाही. कौलांमध्ये एक कौल काचेचं होतं. त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. सकाळी भिंतीवर, मग पोरांच्या डोक्यांवरून, मग गुरुजींच्या टेबलाशी. तो टेबलाच्या पायाला शिवला की मधली सुट्टी. घड्याळ गुरुजींच्या खिशात होतं, पण आमचा विश्वास चौकोनावर. बागायतवाल्यांची पोरं डब्यात सुकेळी आणायची, उन्हात वाळवलेली गोड केळी, आणि तो चौकोन त्यांच्या डब्यावर आला की सुकेळी मधासारखी चमकायची. आम्ही आगरातली पोरं तिकडे बघत नसू. म्हणजे बघायचो, पण बघत नाही असं दाखवायचो.

आगरातलं पोर ओळखायला काही लागत नसे. पाय बघितले की झालं. मिठानं टाचांना भेगा, आणि भेगांत पांढरं. आणि तोंड उघडलं की मग विचारूच नका. आमच्याकडे ण नाही. पानी, लोनी, कोन, आपन. आम्ही वाईट बोलत होतो असं नाही, आमचं बोलणंच तसं. पण गुरुजींना ते खपत नसे. माणूस वाईट नव्हता. हातात छडी असायची ती बहुतेक टेबलावर वाजवायलाच. मी दुसरीत असताना त्यांनी मला उभं करून वाचायला लावलं. मी वाचलं, "पानी."

"पाणी."

"पानी."

"अरे, ण. बाणाचा ण!"

आता आमच्या घरी बाणालाही बानच म्हणतात. मग बाणाचा ण मी आणायचा कुठून? मी तेच म्हणालो. खरं सांगतो, उर्मटपणानं नाही, मला खरोखरच कळेना. वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि म्हणाले, "बस खाली, पानीवाल्या."

त्या दिवसापासून मी पानीवाला झालो. चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी चौकोन टेबलाशी पोचायच्या आत पाटी काखेत मारली आणि बाहेर पडलो. गुरुजी मागून हाका मारत होते. मी वळून पाहिलं नाही. घरी बापूस म्हणाला, "काय रं, आज सुट्टी?" मी म्हणालो, "मना कायमची." बापूस म्हणाला, "बरा झाला, पाटी उचलाय मानूस पायजेलच होता." त्याची पाटी म्हणजे मिठाची टोपली. एक पाटी सुटली आणि दुसरी डोक्यावर आली, शब्द तोच. हेही मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं की वाईट, नक्की आठवत नाही.

पण अक्षरं अशी सुटत नाहीत. बांधावरून पाटी वाहताना मी मनातल्या मनात गुरुजींशी भांडत असायचो. कुठल्या शब्दाला त्यांनी मला टोकलं, ते एकेक आठवून काढायचो. पानी चूक, पाणी बरोबर. कोन चूक, कोण बरोबर. लोनी चूक, लोणी बरोबर. असं करता करता मला वाटलं, सापडलं! ह्यात काही विद्या नाही, नियम आहे. घरचा न, शाळेचा ण. जिथे आपल्या तोंडात न येतो तिथे शाळेत ण लिहायचा, की गुरुजी गप्प. एवढी सोपी गोष्ट त्यांनी मला नीट सांगितली असती तर मी शिकलो असतो. वाफ्याच्या काठावर उभा राहून मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की विचारू नका.

ही विद्या मी माझ्या बहिणीला दिली.

सुमन माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ती चौथीत होती. आमच्या पाड्यावरची पहिली मुलगी चौथीपर्यंत पोचलेली. हिशेबात तल्लख, राशीकडे लांबून बघून किती पाट्या निघतील ते सांगायची, आणि तेवढ्याच निघायच्या. पण मिठाचा हंगाम आला की बापूस तिला शाळेतून काढून आगरावर आणायचा, दरवर्षी, त्यामुळे तिचं लिहिणं कच्चं राहिलं होतं. चौथीची परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब यायचा. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा दिपोटी म्हणत. बापसानं सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर पाचवीला धाडीन. नाय झाली तर पाटी." आणि पाटी म्हणजे कुठली, ते मी वर सांगितलंच.

त्या चैत्रात दुपारी, मीठ ओढून झालं की, आम्ही दोघं बांधावर बसायचो. खालचा चिखल ओला असायचा. मी काडीनं अक्षर काढायचो, ती त्यावरून बोट फिरवायची. समोर सगळे वाफे पांढरेफटक, नजर ठरत नाही, वारा खारट, ओठ फुटलेले. दुसऱ्या दिवशी यावं तर चिखल सुकून अक्षराला तडे गेलेले. त्या तड्यांत रात्रीतून पांढरी रेघ भरलेली असायची. ण सगळ्यांत चांगला उमटायचा, त्याला तीन पाय असतात म्हणून.

"दादूस, पानी कसा लिवायचा?"

"बाणाचा ण."

"आनि आपन बोलतो तो न?"

"तो घरचा. शालेत न्यायचा नाय."

"कदीच?"

"कदीच नाय. तुज्या तोंडात न आला का ण लिवायचा. संपला."

ती विचार करत बसली. मग म्हणाली, "मंग माजा नाव? गुरुजींनी तर सुमन लिवताना नळाचा न लिवलाय."

इथे मी थांबलो होतो. थांबलो हे मला पक्कं आठवतं. का थांबलो, शंका आली होती की काय, ते आठवत नाही. आज वाटतं आली असावी. पण मी मोठा भाऊ होतो, नियम माझा होता, आणि समोर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "गुरुजींनी नाव कोनाला इचारून लिवला? आयला. आय काय बोल्ली? सुमन. आय बोल्ली तसा त्यांनी लिवला. म्हंजे तो बी घरचाच न."

"म्हंजे हजेरीत माजा नाव चुकीचा हाय?"

"चुकीचा हाय. पेपरावर बरोबर लीव. दिपोटी खूश व्हईल."

आता तुम्ही हसाल. हसा. पण एक लक्षात घ्या, आमच्या कानाला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. फरक ऐकू आला असता तर भानगडच नव्हती. आमच्याकडे माणसाच्या आत असतं तेही मन, आणि मीठ मोजायचं तेही मन. दहा मन मीठ. मनात आला. एकच शब्द, आणि कधी कुणाचा घोटाळा झाला नाही. शाळेनं त्याचे दोन केले. का केले, हे मला ह्या वयातही नीट कळलेलं नाही. शर्वरी समजावते, जीभ कुठे लागते वगैरे दाखवते. मी मान हलवतो.

परीक्षेच्या दिवशी मी तिला शाळेत घेऊन गेलो. सकाळच्या ओल्या उन्हात बागायतींमधून वाट, दोन्ही बाजूंना केळी, मोगऱ्याच्या वाफ्यांना पाणी चाललेलं, रहाटाचा करकर आवाज. तिच्या एका हातात टाक, दुसऱ्या हातात चिंधीत गुंडाळलेली दौत, न सांडता. अंगात चुलत बहिणीचं परकर-पोलकं, कंबरेशी दोन दुमडी घातलेलं. सबंध वाटेत ती ओठातल्या ओठात ण ण ण म्हणत होती. समोरून सायकलवर पाववाला आला, त्यानं विचारलं, "काय गो, मंत्र म्हनतेस?" तर त्याला म्हणाली, "हो, पास व्हायचा."

ज्या शाळेतून मी निघून गेलो होतो तिच्या पायरीवर मी सात-आठ वर्षांनी बसलो. आत जायचं नव्हतंच. खिडकीतून आतलं दिसत होतं. दिपोटी उंच, डोक्याला फेटा होता की टोपी, ह्यावर मी आता पैज लावणार नाही. आवाज मात्र स्वच्छ. शुद्धलेखन घालताना तो एकेक शब्द असा सोडायचा, जसं काही दाणे मोजून देतोय.

"मन. प्रसन्न. असेल. तर."

सगळी पोरं थांबत, खोडत, एकमेकांकडे बघत. आमची सुमन थांबत नव्हती. मान खाली, टाक चाललेला. काचेच्या कौलातला चौकोन तेव्हा नेमका तिच्या कागदावर आला होता आणि तिचा हात त्या उजेडात वर-खाली होत होता. त्या खिडकीशी माझी छाती अशी फुगली म्हणता! ज्या गुरुजींनी मला पानीवाला म्हटलं ते भिंतीला टेकून उभे, आणि पानीवाल्याची बहीण सगळ्यांच्या पुढे. आयुष्यात मला पुढे बऱ्याच गोष्टी मिळाल्या, पण तेवढा अभिमान पुन्हा कधी वाटलेला आठवत नाही. तो अभिमान खोटा होता हे नंतर कळलं. पण वाटला तेव्हा तर खराच वाटला होता ना? मग त्याला काय म्हणायचं?

बाहेर आली ती उड्या मारतच. "दादूस, एक बी सोरला नाय. सगले ण घातले!"

निकाल शाळेत लागला असणार, पण तो आमच्याकडे चालत आला. भर दुपारी गुरुजी आगराच्या बांधावरून येताना दिसले. चपला हातात घेतल्या होत्या, धोतर वर खोचलेलं, आणि पाऊल जपून टाकत होते. बांधावरून चालायची सवय नसलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. बापूस राशीशी उभा होता, सुमन डोक्यावर भरलेली पाटी घेऊन वाफ्यातून वर येत होती, मी मीठ ओढत होतो.

गुरुजींनी खिशातून कागद काढला. "मुलगी गणितात पहिली आली आहे," ते बापसाला म्हणाले. "शुद्धलेखनात गेली. हे पाहा." आणि वाचून दाखवलं, "मण प्रसण्ण असेल तर कोणतेही काम कठीण वाटत णाही. णाही! अहो, ण नं मराठीत शब्दच सुरू होत नाही. आणि वर स्वतःचं नाव काय लिहिलंय? सुमण."

बापसाला अक्षर येत नव्हतं. त्यानं कागद अदबीनं हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "शाई तर चांगली लावलीन."

मी वाकून पाहिलं. मण ह्या शब्दाला दिपोटीनं तांबडा वेढा घातला होता आणि बाजूला तांबड्यानंच लिहिलं होतं : किती शेरांचा?

गुरुजींनी तेही वाचलं. बापूस सरळ माणूस, प्रश्न त्यालाच विचारला असं समजून म्हणाला, "चालीस."

कुणी हसलं नाही. आता मला वाटतं, हसण्यासारखं होतं. तेव्हा हसलो असतो आम्ही चौघं, तर पुढचं सगळं कदाचित निराळं झालं असतं. पण ऊन फार होतं.

गुरुजी म्हणाले, "एका अक्षरानं गेली आहे. एक वर्ष तिला पुन्हा चौथीत बसवा. हंगामात काढू नका. मी स्वतः बघतो तिच्याकडे." मग सुमनकडे वळले. तिच्या डोक्यावर पाटी तशीच होती, त्यामुळे तिला मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे हलवता येत होते. "बाळ, सगळीकडे ण घालायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर खाडीकडे पाहत म्हणाली, "कोनी नाय."

कोनी. घरचा न. मी वाट पाहत होतो, गुरुजी आता म्हणतील, कोणी, बाणाचा ण. ते काही म्हणाले नाहीत. सगळी हयात ज्या माणसानं लोकांचे न दुरुस्त करण्यात घालवली, त्यानं तो एक न तसाच जाऊ दिला. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

बापूस मला म्हणाला, "तू शालेत व्हतास. तू सांग, काय करायचा?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. बा, चूक माजी हाय, तिची नाय. एवढंच. बापूस आडमुठा नव्हता. चूक पोरीची नाही असं कळलं असतं तर त्यानं वर्ष दिलं असतं. पण गुरुजी समोर उभे होते, चपला हातात घेऊन, आणि मी त्यांच्यासमोर पुन्हा पानीवाला व्हायला तयार नव्हतो. माझ्या तोंडून निघालं ते असं, "ती शाला आपली नाय, बा. आपला बोलना त्यांना चालत नाय. एका अक्षरासाठी पोरीला उभी जालतात. नको धाडू."

गुरुजींनी बापसाच्या हातातला कागद परत घेतला. मग कागदाची घडी घातली आणि खिशात न ठेवता सुमनच्या पाटीत, मिठावर ठेवली. तिचे हात पाटीला होते म्हणून असेल. आणि आले तसे बांधावरून जपून पावलं टाकत गेले. सुमन राशीशी गेली आणि तिनं पाटी उलटी केली. कागद मिठाबरोबर राशीत गेला. तो तिनं नंतर काढला का, मला माहीत नाही. मी काढला नाही.

मी वर म्हटलं की त्या शाळेनं आमचं बोलणं हसण्यावारी नेलं. ते खोटं नाही. आजही मी ते मागे घेत नाही. पण मग मी जे बापसाला सांगितलं ते खरं की खोटं? खरी गोष्ट चुकीच्या वेळी बोलली तर ती काय होते? ह्यात मी इतकी वर्षं अडकलोय. कधी वाटतं, मी बहिणीची बाजू घेतली. कधी वाटतं, मी बहिणीला पुढे करून तिच्या आडोशाला उभा राहिलो. एकाच माणसानं एकाच वाक्यात दोन्ही केलं असेल का? ण बद्दलही मी असाच विचार करत असतो. गुरुजी म्हणाले तसा तो शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. मी वर्तमानपत्रात शोधत असतो, एखादा तरी सापडेल. नाही सापडत. मधे चालतो, शेवटी चालतो, पहिला उभा राहायची त्याला परवानगी नाही. सुमननं त्याला एकदा उभा केला होता, णाही म्हणून, आणि त्यापायी नापास झाली.

पुढे काही वर्षांनी सरकारनं मापं बदलली. मण गेला, शेर गेला, किलो आणि क्विंटल आले. आगरात वजनं बदलली त्या दिवशी सुमन माहेरी आलेली होती. तिचं लग्न अर्नाळ्याच्या बाजूला झालं होतं, कडेवर पहिलं पोर होतं. जुनी लोखंडी वजनं एका कोपऱ्यात टाकलेली बघून ती म्हणाली, "दादूस, आता मन एकच राह्यला." मी तिच्याकडे पाहिलं. ती पोराचं नाक पुसत होती. ती थट्टा करत होती की नुसतं बोलली, मी ठरवू शकलो नाही.

तिची पोरं शाळेत गेली. तिघंही शिकली, थोरली मास्तरीण झाली. पोरांच्या पाटीशी ही बसत असणार, कारण एका दिवाळीत, भाऊबीजेला येता येत नव्हतं म्हणून, तिनं मला पोस्टकार्ड पाठवलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं. तिचं पहिलं आणि एकुलतं एक पत्र. मी ते खिडकीशी नेऊन, अक्षरावर बोट ठेवून ठेवून वाचलं. शाळेत पानीवाल्याला जसं वाचायला लावलं होतं तसं. विहिरीचं पाणी बरोबर. नवीन घर बरोबर. कोण आजारी, कोण बाळंतीण, बरोबर. खाली तुझी बहीण, आणि सही सुमन, नळाच्या न नं. सगळं कार्ड गुरुजींनी पाठ थोपटावी असं. फक्त एका ओळीत लिहिलं होतं : दादूस, तुझी आठवण आली की मण भरून येते.

मण. बाणाचा ण.

बाकी सगळं येत असताना ही एकच चूक राहिली असेल का? की मुद्दाम लिहिलं होतं? मुद्दाम असेल तर ते काय होतं, टोमणा की माया? चाळीस शेरांचं काहीतरी आत भरून येतं, असं तिला म्हणायचं होतं का? त्यानंतर कितीतरी दिवाळ्या आल्या. ती समोर बसून ओवाळायची, मी ताटाकडे बघायचो. दरवर्षी विचारीन म्हणायचो. मला लाज वाटायची असं नाही, मला वाटायचं विचारलं तर त्या बांधावर पुन्हा जावं लागेल. आता तिला जाऊन चार वर्षं झाली. विचारायला कोणी राहिलं नाही. कोनी नाय.

मागच्या सोमवारी मी त्या शाळेत जाऊन आलो. फळी लावलेली आहे ती मी वाचली आणि आत गेलो. राखणदार पोरगा धावत आला, "बाबा, आत नका जाऊ, कौल पडेल डोक्यात." मी म्हटलं, "पडू दे, ओळखीचं आहे." तो हसला आणि मला धरून धरून घेऊन गेला. दोन खोल्या एकसारख्या. कुठल्या खोलीत ती बसली होती ते मला कळेना. दोन्ही दारांत उभा राहिलो. मग एकीत, जमिनीवरच्या धुळीत, उन्हाचा चौकोन दिसला. काचेचं कौल अजून होतं. बाकीची निम्मी कौलं गेलीत, आभाळ दिसतं, खरं तर सगळीकडे ऊनच ऊन आहे, पण तो चौकोन तरीही वेगळा कळत होता. पोरगा विचारत होता, काय शोधताय, बाबा? चौकोन माझ्या पायांवरून सरकून पुढे जाईपर्यंत उभा राहिलो, आणि मग बाहेर आलो. अंगणात झाड आंब्याचंच आहे. तेवढं मी त्या मास्तरांना कळवायला सांगितलंय.

शर्वरीनं हे सगळं उतरवून काढलं, माझे ण आणि न बदलले. वाचताना मधेच तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून टंकत राहिली. अगदी शेवटी एका शब्दाशी मात्र अडली. संगणकाला ती चूक वाटत नाही म्हणे, कारण तसाही एक शब्द आहे. तिला वाटते. मी सांगितलं, तिथे हात लावायचा नाही.

शाळा पावसाच्या आत पाडतील. ऐकल्यापासून मण भरून आलंय. कोणी विचारलं, हे असं लिहायला कोणी शिकवलं, तर ह्या खेपेला सांगा, दादूसनं.